निशाकवचाचे पारायण

रविवार, १२ जानेवारी २०२५ रोजी सकाळी साडेदहा वाजता कामोठ्यातील तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात एकशे शहाऐंशी अंक मांडून झाले होते. अंक सुपरहिरोंचे, इंग्रजीतले, जमवणारा रणजीत. तो गेल्या वर्षी याच सुमारास उरणच्या रस्त्यावर कंटेनरखाली सापडला. मांडणारे त्याचे वडील बाबासो, तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन एका कारखान्याच्या आराखडा विभागात हयात घालवलेले गृहस्थ. समोर चौरंग, समई आणि पाण्याचा तांब्या ठेवून त्यांच्या पत्नी राजाबाई भिंतीशी बसल्या होत्या. आज पारायण सुरू व्हायचे होते.

त्याचे कारण आठवड्यापूर्वी घडले होते. वर्षश्राद्ध उरकल्यावर बाबासोंनी मुलाचे कपाट आवरायला घेतले. एकाच वीराचा पहिला अंक तीनदा निघाला आणि तिन्हींत गोष्ट निराळी. बाबासोंना याचा एकच अर्थ ठाऊक होता. आराखड्याची सुधारित प्रत आली की जुनीवर ‘रद्द’चा शिक्का मारायचा, नाहीतर कारागीर चुकीच्या मापाने काम करून बसतो. निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून आणलेला तो शिक्का त्यांनी शोधून काढला आणि जुन्या एकेचाळीस अंकांवर उमटवला. टेबलावर वर्षभर उपडा पडलेला अंकही त्यांतच आला. तो अर्धा वाचून रणजीत कामावर गेला होता. बाबासोंनी तो मिटला, शिक्का मारला आणि गठ्ठ्यात बांधला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रणजीतच्या खोलीतून पान उलटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक. वाचणारा माणूस एका पानावर जेवढा रेंगाळेल, तेवढेच मध्ये अंतर. बाबासोंनी पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली, कपाटामागे उंदीर आहे का पाहिले. पान उलटतच राहिले.

“तुम्ही त्याचं पान मिटलंत,” राजाबाई म्हणाल्या. “गोष्ट अर्धी राहिली त्याची. जीव अडकलाय पोराचा त्यात. पोथीसारखी पुरी वाचून काढा, म्हंजे सुटंल तरी.”

बाबासोंचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण आवाज त्यांनीही ऐकला होता, आणि राजाबाईंना त्या दिवसापासून अन्न गोड लागत नव्हते. शिक्क्यांचा गठ्ठा तसाच बाजूला ठेवून त्यांनी शिक्का नसलेले अंक क्रमाने घेतले आणि मराठीत सांगू लागले. तीनदा निघालेल्या त्या काळ्या डगल्यातल्या वीराचे नाव त्यांनी ‘निशाकवच’ असे करून घेतले.

“त्याला आई हाय का नाही?” राजाबाईंनी विचारले.

“आहे. पण तो बाहेर काय करतो, हे तिला ठाऊक नाही.”

“कुठल्या आईला ठाऊक असतं?”

चार-पाच बैठकांनंतर निशाकवच मेला. बाबासो पुढे वाचत राहिले. शिक्का नसलेले अंक संपले. राजाबाईंनी हात जोडले. दुपारी आतल्या खोलीत पान उलटले.

तेव्हा बाबासोंनी खांदेश्वरहून संघर्षला बोलावले. तो रणजीतचा कॉलेजपासूनचा मित्र. दोघे अंक वाटून वाचत. गठ्ठा सोडताच त्याने कपाळाला हात लावला.

“काका, हे काय केलंत? रणज्या असता तर तुमच्याच टकलावर हा शिक्का मारला असता.”

“जुन्या प्रती रद्दच असतात, बाबा.”

“इथं कायच रद्द नसतं. आपली सोसायटी घ्या. प्रत्येक फ्लॅटची स्टोरी वेगळी. पण पाणी गेलं की सगळे जिन्यात. तसं यांचं. ज्याची त्याची मालिका वेगळी, मोठं संकट आलं की सगळे एका अंकात. कळलं?”

“कळले. मग पहिला अंक तीनदा कसा?”

“बाजूला अगदी अशीच दुसरी सोसायटी समजा. माणसं तीच, नशीब वेगळं. इथला निशाकवच मेला, तिथला जिवंत आहे. दोन्ही खरं.” उपडा राहून वाकलेला अंक हातात घेऊन तो थांबला. “हा रणज्या वाचत होता ना? तो तिथलाच आहे.”

“आणि तिथली गोष्ट कुठे संपते?” राजाबाईंनी विचारले.

“हा शेवटचा अंक, काकू. मालिका बंद पडली. याच्यापुढं काय नाय.”

संघर्ष गेल्यावर वाचन पुन्हा सुरू झाले. शिक्क्याचे अंक एकेक करून चौरंगावरून खाली उतरत गेले. अखेर तो एकच राहिला. वर्षभर उपडा राहिल्यामुळे कण्याला घडी पडली होती. हातात घेताच तो आपोआप त्याच पानावर उघडला. निशाकवच छपराच्या कडेवर उभा होता, एक पाय हवेत. पुढचे पान उलटले की त्याचे काय झाले ते कळणार होते.

बाबासोंनी आयुष्यात कोणतेही काम अर्धे सोडले नव्हते. त्यांचा अंगठा पानाच्या कोपऱ्यावर थांबला. आत, रणजीतच्या खोलीत, काहीच वाजत नव्हते. आत कोणीतरी कान देऊन ऐकत असावे, अशी ती शांतता होती.

“मग तो खाली उतरला,” बाबासो कोऱ्या आवाजात म्हणाले, “आणि घरी गेला. समाप्त.”

राजाबाईंनी त्यांच्या तिथेच थांबलेल्या अंगठ्याकडे पाहिले. मग समईपुढे डोके टेकले. बाबासोंनी अंक उचलला, आतल्या टेबलावर होता तसा उपडा ठेवला आणि दार ओढून घेतले.

दुपारी राजाबाईंनी ताट वाढून घेतले. दुसरा घास हातात असताना आत पान उलटले. दोघांनीही मान वर केली नाही.

“खिडकी उघडी ठेवत जा आता,” राजाबाई म्हणाल्या. “वारा म्हणता येईल.”

वाचलेले अंक एकशे पंच्याऐंशी, शिल्लक एक.