तीन ठोके आणि एक

दुर्गेश्वरीचं काम सांगायला सोपं आणि करायला जीव काढणारं होतं. परदेशातल्या प्रयोगशाळेत, अंधाऱ्या पेटीत, अणूहून लहान कण टिपणारा नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा ठेवलेला. त्यावर हजारो बारीक चौकटी, म्हणजे पिक्सेल, आणि प्रत्येकाला शिकवायचं की किती विद्युतभार आला म्हणजे कण गेला असं बोलायचं आणि त्याहून कमी असला तर गप्प बसायचं. ही मर्यादा ती केशोरी गावातल्या घरात बसून, लॅपटॉपवरून, एकेका पिक्सेलला लावत असे. फार खाली ठेवली तर पिक्सेल उगाच बडबडतो, फार वर ठेवली तर खरा कणही निसटतो. अंधारात काहीच येत नसताना जो वारंवार बोलेल तो गोंगाट, त्याला बंद करायचं, असा नियम तिनेच लिहिला होता; मर्यादांची मापं मंजूर झाली की तो आपोआप चालू व्हायचा.

तीन महिन्यांपूर्वी वडिलांना, गुलाबचंदांना, लकवा मारला म्हणून ती गावी आली. त्यांची वाचा गेली, डावा हात तेवढा राहिला. धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, मचाणावर बसून रानडुकरांपासून राखण करताना ते डब्यावर तीन ठोके आणि थांबून एक ठोका देत, मी जागा आहे एवढं घरी कळावं म्हणून. आता तीच खूण ते खाटेच्या लोखंडी पाइपवर काठीने करत. कधी पाणी हवं असे, कधी कूस बदलायची असे, कधी काहीच नसे. पण घशात कफ अडकला की लगेच उठवून बसवावं लागे, नाहीतर श्वास कोंडे. आई, अनुसयाबाई, धानाच्या रोवणीला गेली की ठोक्यांकडे कान दुर्गेश्वरीनेच ठेवायचा. दिवसातून पन्नासदा ती उठे, आणि खरं सांगायचं तर आता ती विटली होती.

मंगळवारी दुपारी त्या तुकड्यावरचा एक पिक्सेल बोलू लागला. तीनदा, थोडं थांबून एकदा. त्याच वेळी शेजारच्या खोलीतून तेच ठोके आले. ती उठली, वडिलांना पाणी पाजलं, परत आली, तर पिक्सेल गप्प. असं चारदा झालं. घरच्या इन्व्हर्टरचा दोष म्हणावा तर पेटी समुद्रापार. संध्याकाळच्या आत सगळी मापं पाठवायची होती आणि विचार करायला डोकं शिल्लक नव्हतं. तिने त्या पिक्सेलची मर्यादा जराशी वाढवली. शेजारच्या खोलीतले ठोके बांधीपलीकडून आल्यासारखे झाले. मग तिने तो बंदच केला. पडद्याच्या कोपऱ्यात ‘बंद पिक्सेल : १’ असं उमटलं, आणि घरात इतकी शांतता पसरली की तिचे डोळे भरून आले.

तासाभरात काम संपलं, मापं गेली, मंजूरही झाली. तेवढ्यात आई चिखलाच्या पायांनी आत आली ती थेट खाटेकडे धावली. दुर्गेश्वरी मागोमाग गेली. वडिलांचे ओठ निळे पडले होते. आईने त्यांना उठवून पाठ चोळली तेव्हा कुठे श्वास लागला.

“काऊन वो, बहिरी झाली का? मले आंगणातून आयकू येऊन राहिलं, अन् तू बाजूच्या खोलीत.”

वडिलांचा हात अजून चालूच होता. काठी पाइपवर आपटत होती, पाइप थरथरत होता. आवाज नव्हता.

ती लॅपटॉपकडे पळाली आणि तिने पिक्सेल उघडला. खाटेकडून तीन ठोके ऐकू आले. या ठोक्यांचा आपल्याला कधी कंटाळा आला होता याची तिला लाज वाटली. चौथा आलाच नाही. नियमाने पिक्सेल पुन्हा बंद केला होता. वडील थांबत नव्हते, म्हणून ती पिक्सेल उघडायची आणि तो लगेच मिटायचा. नियमच पुसावा म्हटलं तर मंजुरीनंतर त्याला हात लावायची सोय तिनेच ठेवली नव्हती.

“दुर्गे,” उघड्या दारातून आईची हाक आली. “दुर्गे, बाबाले धर येऊन. दुर्गे...”

तिने वळून पाहिलं. वडिलांचा भार खांद्यावर घेऊन आई तिच्याकडेच बघत होती. तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, तोंड उघडत होतं, मिटत होतं, पुन्हा उघडत होतं.

पडद्याच्या कोपऱ्यात ‘बंद पिक्सेल’पुढे एकाचे दोन झाले होते.