मास्तरांच्या कात्रीने कागद कापला

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. आणि आधीच सांगून ठेवते, कागद कापायची नव्हे. मी कापडाची कात्री. म्हणजे एका सुट्टीच्या सकाळपर्यंत तरी होते. त्या सकाळी काय घडले तेच सांगायला बसले आहे, पण त्यासाठी थोडे मागून यावे लागेल.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. आम्हा कात्र्यांची एक गंमत असते. आमची दोन पाती एकमेकांसाठीच घडवलेली असतात. ह्या कात्रीचे पाते त्या कात्रीला लावले तर दोघी जन्मभर कुरकुरतात. लोहाराने माझी दोन्ही पाती घासूनपुसून जुळवली, मध्ये एक खिळा ठोकला आणि ओल्या फडक्यावर मला चालवून पाहिले. फडके अलगद दोन झाले. "ही नांदेल," तो म्हणाला. मी नांदले. एकाच घरी, एकोणचाळीस वर्षे.

ते घर एका शिंप्याचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यामुळे त्यांच्या बायकोला आपोआपच मास्तरीणबाई म्हणू लागले. "आयुष्यात कुणाला धडा शिकवला नाही, आणि नाव बघा काय पडलंय," असे त्या हसून म्हणत. धडा त्यांनी शिकवला, पण तो पुढे.

मास्तरांनी मला दुकानात आणले त्याच दिवशी माझ्या मुठीला लाल दोरा बांधला. लाल दोऱ्याचा अर्थ घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होता: ह्या कात्रीने फक्त कापड. कागद नाही, पुठ्ठा नाही, सुतळी तर अजिबातच नाही. कागद दिसायला मऊ, पण धारेला फार वाईट. पुठ्ठ्याने पाती बोथट झाली की कापड कापले जात नाही, नुसते चावले जाते. एकदा त्यांच्या लेकीने, ती लहान असताना, शाळेच्या वहीचे कव्हर माझ्याने कापायला घेतले होते. मास्तरांनी तिला मारले नाही. फक्त दोन दिवस ते मला मांडीवर घेऊन धार लावत बसले, आणि तिच्याशी बोलले नाहीत. लेकीने कानाला खडा लावला.

काय दिवस होते ते! लग्नाचे कोट, शाळेचे गणवेश, एका पहिलवानाची विजार, जिचे माप घ्यायला टेप दोनदा लावावी लागली. मास्तर खडूने रेघ ओढत आणि मी त्या रेघेवरून अशी जाई, की जणू रेघच आपण होऊन उघडते आहे. गिऱ्हाईक म्हणे, "मास्तर, तुमच्या हाताला तोड नाही." मास्तर म्हणत, "हात कसला, कात्री चांगली आहे." मित्रांनो, अशी माणसे मिळायला भाग्य लागते.

आता मास्तरीणबाईंविषयी. वर्षाच्या अखेरच्या सुट्टीत सगळे घरी जमत आणि दुपारी मोठे जेवण होई. त्या दिवशी दुकानातले कापड बेतायचे लांब टेबल चौघे मिळून घरात आणत. ते टेबल सजवायचे काम बाईंचे. विकतची एक वस्तू त्या आणत नसत. वर्षभर त्यांचा एक खोका भरत असे: कापडाचे कातरण, रिकामी रिळे, जोडी हरवलेली बटणे, अंड्यांचे पुठ्ठे, औषधाच्या बाटल्या, चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद. अंड्याच्या पुठ्ठ्यातला एकेक खळगा कापला की त्याचे फूल होई, मधोमध बटण. रिळाच्या भोकात तारेचा देठ रोवला की ते फूल ताटाशेजारी ऐटीत उभे राही. आमच्या दुकानातल्या कामापुढे हे म्हणजे पोरखेळ, असे मला वाटायचे. मी लाल दोऱ्यातून नाक मुरडायची. त्यांच्याकडे त्यांची एक छोटी, स्वस्तातली कात्री होती. दर वर्षी मोडायची, दर वर्षी नवी यायची. मी तिच्याशी कधी बोललेही नाही. आता लाज वाटते.

मग मास्तरांचा हात थरथरू लागला. आधी चहाच्या कपाला कळले, मग मला. ते मला दोन्ही हातांनी धरू लागले. काम संथ झाले, पण चुकले नाही. चुकले ते एकदाच, आणि तेही हाताने नाही.

एका साहेबांचा राखाडी कोट होता. कापड कमी पडत होते. एरवी कापडाची घडी घालून बाही कापली की एका कापात दोन मिळतात, एक डावी, एक उजवी. इथे घडी बसेना, म्हणून मास्तरांनी एकेक बाही वेगळी बेतली. दुसरीच्या वेळी कागदी साचा उलटा ठेवायचा असतो. तो उलटा ठेवायला ते विसरले. मी कापत गेले. मला कळत होते, पण मित्रांनो, कात्रीला थांबता येत नाही. शिवून झाल्यावर पाहिले, तर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या.

साहेब भला माणूस. म्हणाला, "होतं हो मास्तर." तो रागावला असता तर बरे झाले असते. मास्तरांनी त्याला नवे कापड आणून दिले, कोट दुसऱ्या शिंप्याकडून शिवून घ्यायला सांगितले आणि दुकानाला कुलूप लावले. त्या बाह्या, मी आणि टेप एका पेटीत गेलो. "कात्री संपली, मास्तर संपला," झाकण लावताना ते म्हणाले.

नऊ महिने मी अंधारात होते. पेटीच्या फटीतून आवाज तेवढे येत. ताट मास्तरांच्या खोलीत नेल्याचा, अर्धे तसेच परत आल्याचा. बाईंच्या "अहो, बाहेर तरी बसा"चा. मास्तरांचा आवाज मात्र नाही. पुढे वर्षअखेर आली. लेक आणि नात घरी आल्या. नात आठ वर्षांची; तोंड क्षणभर बंद नसे, म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. तिने आल्या आल्या विचारले, "आजोबा टेबलावर आमच्यासोबत जेवणार ना?"

"नाही," खोलीतून उत्तर आले. "टेबल आणूच नका."

टेबल आले. लेकीने आणि शेजाऱ्यांनी आणले. पण त्याच्या टोकाची मास्तरांची खुर्ची रिकामी राहणार, हे बाईंना सोसवेना. ह्या वेळी ते जेवायला बसले नाहीत तर पुढे कधीच बसणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. बायकांना असल्या गोष्टी दुधाच्या नासण्यासारख्या आधी कळतात.

जेवणाच्या दिवशी सकाळी पेटीचे झाकण उघडले. उजेड डोळ्यांत गेला. पाहते तर मास्तरीणबाई.

"आई!" लेक दचकली. "ती बाबांची कात्री आहे!"

"माहीत आहे मला."

"अगं, लाल दोरा—"

"दोरा मीच विकत आणला होता, मला दाखवू नकोस." बाईंनी मला कपाळाला लावले आणि हळूच म्हणाल्या, "माफ कर गं बाई." मग टेबलाशी, अगदी मास्तरांच्या दाराजवळ बसल्या आणि वर्तमानपत्र कापू लागल्या.

मित्रांनो, कापडात मी सर्रकन जाते. कागदात करकरते. तो आवाज सगळ्या घराला ऐकू गेला. माझ्या खिळ्यापर्यंत शहारा आला. खोलीचे दार उघडले नाही.

"ऐकू नाही आलं वाटतं," लेक कुजबुजली.

"आलंय. त्यांना सुई पडलेली ऐकू येते." बाईंनी अंड्याचा पुठ्ठा घेतला. कर्रर, खच्च. खोलीतून एक खाकरणे.

"आई, ते चिडतील."

"चिडू देत की. नऊ महिने चिडलेसुद्धा नाहीत."

मग त्यांनी टूथपेस्टची संपलेली नळी उचलली. ती आतून चंदेरी असते, धुऊन कापली की छान तारे होतात. पण कापताना जो आवाज होतो, तो मी कुणा शत्रूच्या पात्यावरही येऊ देणार नाही. दार धाडकन उघडले.

"पत्रा! कोण पत्रा कापतंय माझ्या कात्रीनं?"

"मी," बाई मान वर न करता म्हणाल्या. "माझी कात्री मोडली."

"मग नवी आण!"

"आज दुकानं बंद."

"अगं, मग दातांनी तोड! चाकू घे! सगळं जग सोडून ही?" मास्तरांनी मला ओढून घेतले, ओले फडके आणले आणि माझ्याने कापून पाहिले. फडके कापले गेले नाही. पात्यांमध्ये दुमडून अडकले. मास्तरांनी ते हळूच सोडवले. "संपवलीस," ते म्हणाले. आता आवाजात राग नव्हता, हे जास्त वाईट होते.

पण बाई माघार घेणाऱ्या नव्हत्या. "तुम्हीच नाही का म्हणालात, कात्री संपली, मास्तर संपला? संपलेल्या वस्तूंचं मी काय करते ते एकोणचाळीस वर्षं बघताय. हा काय खोका समोर आहे."

मास्तर मला घेऊन खोलीकडे वळले. मला वाटले, झाले, आता पुन्हा पेटी. तेवढ्यात त्यांची नजर टेबलावर गेली. टकळीने बाईंच्या जवळच्या कागदाचा एक तुकडा हातानेच फाडून काहीतरी केले होते.

"हे काय आहे?"

"फूल."

"फूल? गाडीखाली आलं का?"

"मग तुम्ही करून दाखवा," टकळी म्हणाली. "नुसतं बोलायला काय जातंय?"

बाईंनी जीभ चावली. मास्तर खुर्ची ओढून बसले. "आधी घडी," ते पुटपुटले. "घडीशिवाय कापायचं नसतं. मी एकदा कापलं." त्यांनी चंदेरी कागद दुमडला, पुन्हा दुमडला, पुन्हा. "घट्ट धर. हलू देऊ नकोस." टकळीने दोन्ही हातांनी घडी धरली. मास्तरांनी मला चालवले.

हात थरथरला. मी वेडीवाकडी गेले. खडूची रेघ असती तर तिच्यापासून गहूभर इकडे, गहूभर तिकडे. मास्तर अर्ध्यात थांबले आणि हात मांडीवर झाकून घेतला. लेक खिडकीबाहेर बघू लागली. बाई उगीचच बटणे मोजू लागल्या.

"सोडू नका ना," टकळी म्हणाली. "माझी बोटं दुखायला लागली."

त्यांनी काप पुरा केला. टकळीने घडी उलगडली. आठ पाकळ्या निघाल्या. हात जिथे जिथे थरथरला होता तिथे तिथे आठही पाकळ्यांना एकसारखी झालर आली होती. एकदा झाली ती चूक दिसते. तीच आठदा गोलाकार झाली, की नक्षी दिसते. खऱ्या फुलाची कडही अशीच असते की, सरळ कुठे असते?

"आजोबा, असं नागमोडी कसं कापायचं? मला पण शिकवा."

मास्तरांनी फूल उजेडात धरले. बराच वेळ. "तुला नाही जमणार," ते म्हणाले. "त्याला हात मुरावा लागतो."

बाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. आत काही काम नव्हते.

मग मास्तरांनी धारेचा दगड मागितला. माझ्या मुठीवर त्यांचा हात, त्यावर लेकीचा, असे दोघांनी मिळून मला घासले. आणि मग ते स्वतः उठून पेटीपाशी गेले आणि त्या दोन राखाडी बाह्या घेऊन आले. इतकी वर्षे बाईंनी जगातले सगळे कातरण गोळा केले होते, पण त्या कापडाला हात लावायचा धीर त्यांना झाला नव्हता.

"ह्या दोन्ही डाव्या हाताच्या आहेत," मास्तर नातीला म्हणाले. हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारले.

टकळीने एक बाही उजव्या हातात चढवून पाहिली. "कोपर पाठीमागे जातंय!" असे म्हणून ती तो वाकडा हात नाचवत घरभर फिरली. लेकीला हसू आवरेना. मास्तर आधी नुसते बघत होते. मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

त्या बाह्यांची आम्ही बावीस फुले कापली. मी जेमतेम धार आलेली, ते थरथरणारे. दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतले. दुपारी नातलग, शेजारी जमले तेव्हा प्रत्येक ताटाशेजारी रिळावर एक राखाडी फूल उभे होते, मधोमध कुठले तरी एकटे बटण. मास्तर टेबलाच्या टोकाशी, आपल्या खुर्चीत बसले. पहिला घास घेताना हात हलला, थोडे मांडीवर सांडले. कुणी बघितले नाही. ताट रिकामे झाल्यावर ते म्हणाले, "वाढ की अजून. बघतेस काय?" मास्तरीणबाईंनी इतके वाढले की डावच ताटात पडला.

मित्रांनो, आता मी टेबलाशेजारच्या खिळ्यावर टांगलेली असते. मुठीचा लाल दोरा मास्तरांनी स्वतः सोडला. मी कागद कापते, पुठ्ठा कापते, परवा तर लोकरीचे गोंडेसुद्धा कापले. कोटाचे कापड आता मला झेपणार नाही, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. लोहाराची मी ऋणी आहे, ज्याने मला जोडीची पाती दिली. मास्तरांची, ज्यांनी मला एवढा मान दिला. आणि सर्वांत जास्त त्या बाईंची, ज्यांनी माझा मान मोडला.

तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी असेल. काम झाल्यावर तिला पुसून ठेवा, खिळ्याला महिन्यातून एकदा तेलाचा थेंब द्या, तिच्याने डब्यांची झाकणे उचकटू नका. आणि घरात कुणी आपले हात आता कामाचे नाहीत म्हणून आत जाऊन बसले असेल, तर त्यांना कापायला काहीतरी द्या. ते वाकडे कापतील. कापू द्या. घडी तेवढी तुम्ही घट्ट धरा.