अकरा इंच

मारीझने मला बोलावलं ते चुका काढायला. आमचं बर्फावरच्या हॉकीचं जुनं स्टेडियम, पॅलेस, पाडायचं ठरलं होतं. निरोपाचा कार्यक्रम तिच्याकडे होता आणि त्यासाठी तिने दारापाशी अकरा मोठे फलक लावले होते. त्रेसष्ट वर्षांचा इतिहास, फोटोंसकट.

"ओदिलॉन काका, तुम्ही इथं चौतीस वर्षं बर्फ केलात. नीट वाचा. एकही चूक राहायला नको. तीनला दारं उघडायची आहेत."

वाचतो म्हटलं. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या हे बिचारीला काय ठाऊक.

पहिल्या फलकावर १९४८ चं उद्घाटन होतं. बिशपने शिंपडलेलं पवित्र पाणी गोठून उंचवटा झाला आणि त्यावर अडखळूनच आम्ही पहिला गोल खाल्ला म्हणतात. दुसऱ्यावर छप्पर गळायचं तो हिवाळा. चौथ्यावर सर्कशीचे हत्ती, जे दर मार्चला यायचे. मी भराभर पुढे गेलो, सहाव्यापाशी थबकलो, मागे आलो. कॉफी घेतली आणि एक घोट पिऊन टाकून दिली. पायाला नुसती भिंगरी लागली होती.

सहाव्यावर फेर्नां पूलिओ हसत होता, तेवीस वर्षांचा. खाली मारीझने लिहिलं होतं: '१९६९, अंतिम सामना. चकतीच्या आधी पूलिओचा पाय निळ्या रेघेपलीकडे! गोल बाद, करंडक गेला!' आमच्या खेळात चेंडूऐवजी चकती असते, आणि ती निळ्या रेघेपलीकडे जायच्या आत खेळाडू गेला तर गोल धरत नाहीत.

गाव बेचाळीस वर्षं यावर हसतंय. बेकरीच्या रांगेत फेर्नां जरा पुढे सरकला की कोणीतरी म्हणणारच, "पूलिओ, रेघ बघ." मोठ्या संघाचं बोलावणं येणार होतं, ते आलंच नाही. कागदगिरणीत लागला, तिथंही तेच.

ती रेघ मी आखली होती. चुकीची.

त्या वर्षी सर्कस बुधवारी हलली आणि सामना शनिवारी. सर्कशीसाठी बर्फ काढलेला असायचा, तो तेवढ्यात नव्याने करायचा: काँक्रीट धुवायचं, पाण्याचे पातळ थर गोठवायचे, पांढरा रंग द्यायचा, मग दोन्हीकडच्या खिळ्यांना दोरी ताणून रेघा मारायच्या आणि वरून पुन्हा पाणी. दोन दिवस डोळ्याला डोळा नव्हता. डावीकडे कठड्याच्या बुडाशी दोन खिळे होते, एक आमचा आणि एक सर्कसवाल्यांनी दोर बांधायला ठोकलेला. मी दोरी त्यांच्या खिळ्याला बांधली. उजवीकडचा खिळा बरोबर होता, म्हणून रेघ तिरकी झाली. डावं टोक तेवढं मैदानाच्या मध्याकडे सरकलं. हत्तींनी कठडा घासून ठेवला होता, तर त्याच्यावरचा पट्टाही मी शहाण्यासारखा त्याच रेघेला जुळवून रंगवला. कोणाला कळणार?

फेर्नां डावीकडून यायचा. लहानपणापासून इथंच खेळलेला. रेघ तो बघायचाच नाही, त्याच्या पायांना ती पाठ होती. त्याचे पाय बरोबर होते.

मे महिन्यात बर्फ वितळवताना दुसरा खिळा दिसला. मी टेप लावून दोघांमधलं अंतर मोजलं. नवी नोकरी, नवं लग्न. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो तो आजपर्यंत.

पावणेतीनला फेर्नां आला, काठी टेकत.

"काय रे, असा काय नाचतोयस? लघवीला लागली का?" मग फलक बघून म्हणाला, "फोटो झकास आहे. नाक सरळ होतं तेव्हा."

"फेर्नां, तुझा पाय पलीकडे नव्हता."

"घ्या. आता तूही टोमणे मार."

मी एका दमात सगळं सांगितलं. खिळा, दोरी, पट्टा, टेप. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"किती?"

"अकरा इंच."

"पंच म्हणाला होता, पाच इंच पलीकडे." तो बाकावर बसला. मला वाटलं काठी घालतो डोक्यात. घालायला हवी होती.

"आमचे बाबा त्या बाजूलाच, नेहमीच्या जागेवर बसले होते," तो म्हणाला. "रेघ ते रंगावरून नाही, समोरच्या खांबावरून धरायचे. गावभर भांडले रे माझ्यासाठी. पोरगा अलीकडेच होता, मी डोळ्यांनी बघितलं म्हणायचे. सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं त्यापायी. सत्त्याहत्तर साली अंथरुणाला खिळले. मला जवळ बोलावून म्हणाले, आता खरं सांग, माझे डोळे फसले का?"

"तू काय म्हणालास?"

"सगळं गाव म्हणत होतं ना. म्हटलं, हो बाबा, फसले. तर त्यांनी भावाला बोलावून घेतलं आणि हात जोडून माफी मागितली. तिसऱ्या दिवशी गेले."

मला रडू आलं. त्याला आलं नाही.

मारीझ लगबगीने आली. "काका, झालं का? काही चुका?"

"तुझा पेन दे," फेर्नां म्हणाला. तिने काही विचारायच्या आत तो उठला आणि आपल्या फोटोखाली त्याने मोठ्या अक्षरांत बाबांचं नाव घालून लिहिलं: 'आर्मां पूलिओ यांना बरोबर दिसलं होतं.'

पेन त्याने माझ्या हातात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

बाहेर लोक दारं ठोठावत होते. मारीझ काय काय विचारत होती. मी त्याच्या ओळीखाली लिहायला लागलो: 'रेघ मी चुकवली.' पुढे माझं नाव, आडनावासकट.