करकोच्याची लाल टोपी

सुनेने सासूच्या हातच्या कामाला कात्री लावावी, तीही सगळ्या कारखान्याच्या देखत, आणि सासू जेवून घटकाभर कलंडलेली असताना! ह्याला काय म्हणायचं? लेई शूचन तीन दिवस हेच विचारत होती. मुळा चिरताना विचारत होती, ससा तिखटात परतताना विचारत होती, ऐकायला कुणी नसलं तर कढईला विचारत होती. मुलगा परगावी दिव्यांच्या कामावर, त्यामुळे घरात दोघीच. आणि जिच्याबद्दल ही तक्रार, ती रुईलिन समोर बसून मुकाट्याने भात खायची. निदान उलट बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

चीनमधल्या झिगोंग गावात कंदील करणाऱ्यांना तोटा नाही. पण तारेच्या सांगाड्यावर एकही सुरकुती न पाडता रेशमी कापड चिकटवणारी बाई कोण, असं विचारलं की पहिलं नाव शूचनचं येतं. हे ती स्वतःच सांगते, पण त्यात खोटं काही नाही. चाळीस वर्षांत तिने कमळं केली, मासे केले, वाघ केले, आणि लाल माथ्याचे क्रौंच पक्षी तर इतके केले की ते सगळे उडाले असते तर गावावर सावली पडली असती.

या खेपेचं काम पोलंडातल्या एका शहराच्या उत्सवाचं होतं. तिथल्या लोकांना त्यांचा स्वतःचा पक्षी हवा होता, करकोचा. तीन मजली उंच, एका पायावर उभा, पोटात शेकडो दिवे. डोकं, मान, धड, पाय सगळं इथे सुटं करायचं, जहाजाने पाठवायचं आणि तिकडे जाऊन जोडायचं. जोडायला जाणाऱ्या बायकांची मुख्य म्हणून रुईलिनचं नाव लागलं होतं. सहा वर्षं ती या संधीची वाट बघत होती. तिने जाड मोजे आणले, नवी बॅग आणली. शूचनने तोंडावर काही कौतुक केलं नाही, पण बाजारात टोफूवालीपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं, "आमची जातेय. माझ्या हाताखाली शिकलेली."

आणि त्याच सुनेने ही अशी कात्री लावली.

झालं होतं असं. करकोच्याचं डोकं शूचनच्या वाट्याला आलं. अंग पांढरं, पाय लांब, पंखाला काळं. असला पक्षी तिच्या बोटांना पाठ होता. फोटो सांगाड्याला दोऱ्याने बांधलेला होता, पण फोटोत डोकं खुपसायचं ते नवशिक्यांनी. पांढरं कापड लावून झालं, चोचीचं लाल कापड थोडं उरलं, आणि हात आपोआप माथ्याकडे गेला. तिने सुरेख लाल टोपी लावली. गोल, घट्ट, शिवण बरोबर तारेवर. दुसऱ्या दिवशी दुपारी झोपेतून उठून बघते तर रुईलिन तीच टोपी सोलून काढतेय!

"हे काय चाललंय गं?"

"आई, काढायला लागतंय."

"कुणी सांगितलं?"

रुईलिनने मान खाली घातली ती घातलीच. आजूबाजूच्या वीस बायकांना एकदम आपापल्या कामात भलताच रस वाटू लागला. शूचनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग मानही तुम्हीच लावा!" म्हणून तिने कात्री आपटली आणि घर गाठलं. हा घाव तिने हिशेबाने घातला होता. करकोच्याची मान दोनदा वळते, आणि कापड तर सपाट. ते वळणावर बसवणं दुसऱ्या कुणाला जमणार नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी शेजारची थाओ आली. थाओ तिच्याच बरोबरीची, कारखान्यात तिच्याच शेजारी बसणारी. तिच्या पोटात घासही टिकतो की नाही कोण जाणे, गोष्ट तर मुळीच टिकत नाही.

"दोन पोरींनी मान बिघडवली," थाओ दारातूनच म्हणाली. "वाळलेल्या दोडक्यासारखी दिसतेय."

"दिसू दे."

"तुझी सूनही जात नाही आता. कळलं ना?"

शूचनचा हात थांबला. नवी बॅग परत कपाटावर चढलेली तिने पाहिली होती. तिला वाटलं, बाईसाहेब रुसल्यात.

"जात नाही म्हणजे?"

"मला बोलू नको म्हणून सांगितलंय," थाओ म्हणाली आणि बोलायला बसली. टोपी लावली त्याच संध्याकाळी डोक्याचे फोटो पोलंडला गेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडच्या उत्सवाच्या बाईंचा निरोप आला. फार नम्रपणे विचारलं होतं, की आमच्या पक्ष्याने ही टोपी कुणाची घातली आहे? मुकादम फान लालबुंद होऊन आला. कुणी केलं हे म्हणून ओरडला. "तू घोरत होतीस. आम्ही सगळ्या गप्प. तर रुईलिन म्हणते, मी केलं. फान म्हणाला, जिला क्रौंच आणि करकोचा कळत नाही ती तिकडे काय दिवे लावणार? आणि खोडलं नाव."

"करकोच्याला टोपी नसते?"

"नसते गं बाई. फोटोत बघ ना कधीतरी."

शूचन उठली. चुलीवरचं उतरवलं, केस नीट केले, चांगला निळा डगला घातला आणि निघाली. थाओ मागून धावत होती, "कुठे चाललीस? माझं नाव नको हं घेऊस!"

कारखान्यात ती थेट डोक्यापाशी गेली. दोऱ्याला लटकणारा फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. पांढराशुभ्र माथा. इतका साधा, की आंधळ्यालाही दिसावा. चाळीस वर्षांत तिने कुणाला 'माझं चुकलं' म्हटलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. ते शब्द तोंडात कसे धरायचे हेही तिला ठाऊक नव्हतं.

"अरे फान!" तिने हाक मारली. एके काळी तिच्या नवऱ्याच्या हाताखाली तारा वाकवायला शिकलेला हा माणूस, आता पोट सुटून मुकादम झाला होता. "इकडे ये. आणि तुम्ही सगळ्या, ऐका. नंतर एकेकीला सांगायला मला वेळ नाही. ती लाल टोपी मी लावली."

कात्र्या थांबल्या.

"मावशी, पण रुईलिन तर म्हणाली..."

"ती खोटं बोलली. टोपी माझी. एक सुरकुती होती का तिला? नव्हती. काम चोख होतं, पक्षी चुकला." तिने हातातला फोटो सोडून दिला. "मी चुकले. झालं? आता तिचं नाव परत लाव."

फानने डोकं खाजवलं. "यादी आज दुपारी जाईल मावशी. दुसरीचं नाव लिहून झालंय."

"लिहिलेलं खोडता येतं, ते तू त्या दिवशीच करून दाखवलंस."

कुणीतरी फिसकन हसलं. फान हसू दाबत म्हणाला, "नाव लावतो. पण मान?"

"मान मी लावते. तुझी ती दोडक्याची सालं आधी काढून टाक."

दुपारपर्यंत यादी गेली, रुईलिनच्या नावासकट. फानने येऊन ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली, कारण शूचनने त्याला तसं सांगितलं होतं. मानेच्या एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला सून, मधे तारा. शूचन कापड तिरकं धरायची, वळणावर बोटाच्या पेराने दाबायची, आणि पलीकडून रुईलिन ते बरोबर तितकंच ओढून घ्यायची. न सांगता. एवढं कधी शिकली, हे शूचनला आठवेना. मग रुईलिनच्या डोळ्यातून टपकन पाणी खालच्या कापडावर पडलं.

"रेशमावर डाग पाडू नकोस," शूचन म्हणाली.

"आई, तुम्हाला सगळ्यांसमोर असं..."

"थांब. आता मी सांगते, तू ऐक." शूचनने कात्री खाली ठेवली आणि तारांमधून तिच्याकडे रोखून पाहिलं. "टोपी काढलीस ते बरोबर केलंस. मला उठवलं नाहीस ते चूक. माझी चूक आपल्या अंगावर घेतलीस ते तर महाचूक. मी काय तुझं तान्हं पोर आहे? माझ्या चुका माझ्या आहेत, त्या मी कुणाला वाटून देत नाही. काम तुला येतं. माझ्याइतकं नाही, पण येतं. आणि सून म्हणूनही तू बरी आहेस, हे एकदाच सांगतेय, परत विचारू नकोस. मात्र पुन्हा कधी माझ्यासाठी खोटं बोललीस ना, तर ह्याच मानेत तुला बसवून वरून कापड चिकटवीन. मग जा तशीच जहाजातून पोलंडला!"