ग्रंथपालबाईंचा आवाज

लस बनवणाऱ्या त्या कंपनीतल्या ग्रंथपालबाईंना एकच खोड होती. नवा माणूस दिसला रे दिसला की त्याला जुन्या विज्ञानकथांची गोडी लावायची. लोक पळ काढायचे. जेवणाच्या सुट्टीत परग्रहवासी कुणाला हवे असतात?

त्यामुळे संगणक विभागातल्या नव्या माणसाचा फोन आला तेव्हा बाई हरखल्या. "ताई, यातलं मला ओ की ठो कळत नाही. सुरुवात कुठून करू?" तो दूरच्या शाखेत बसतो म्हणाला. बाईंनी आधी चंद्रावरच्या सफरी सुचवल्या, मग काळात मागे नेणारी यंत्रं. तर म्हणाला, "वाचायला वेळ मिळत नाही हो. तुमच्या आवाजात ऐकवाल? काय गोड बोलता तुम्ही!"

झालं. बाई हरभऱ्याच्या झाडावर चढल्या. रोज एक गोष्ट वाचून, फोनवर रेकॉर्ड करून त्याला पाठवू लागल्या. मध्येच घरचंही निघायचं. भाची इथेच कामाला आहे, रोगजंतूंची थंड खोली तीच सांभाळते, लहानपणी या गोष्टी ऐकत ती मांडीवर झोपायची, लाडानं मी तिला भिंगरी म्हणायचे. इतकं मन लावून ऐकणारं माणूस बाईंना जन्मात भेटलं नव्हतं.

एका दुपारी संगणक विभागाचे साहेब पुस्तक परत करायला आले.

"तुमचा नवा माणूस भारी रसिक आहे हं," बाई म्हणाल्या.

"नवा? कसला नवा? मागून मागून थकलो, एक माणूस वाढवून देत नाहीत."

बाईंनी अडखळत सगळं सांगितलं. साहेब पांढरेफटक पडले. "ताई, एवढा आवाज हाती लागला तर संगणकाकडून त्यात काहीही बोलवून घेतात हे चोर. त्यांना ते रोगजंतू हवे असणार. भाचीला फोन लावा, दार उघडू नको म्हणावं. मी पहारेकऱ्यांना घेऊन जातो." ते धावत सुटले. थंड खोली आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला होती.

बाईंनी फोन लावला. "भिंगरी, कुणीही आलं तरी दार उघडू नकोस!"

पलीकडून भाचीचा कापरा आवाज आला. "कोण बोलतंय?"

"अगं मी! मावशी!"

"मावशीशी आत्ताच बोलले मी. ती म्हणाली, खोलीत वायू गळतोय, दुरुस्तीवाला पाठवलाय. आणि म्हणाली, कुणीतरी माझा आवाज चोरलाय, तो फोन करून दार उघडू नको म्हणेल."

"ती मी नव्हे गं! भिंगरी म्हणते ना मी तुला?"

"तीही म्हणाली."

"तुझा हात भाजला होता, मी रात्रभर फुंकर घालत..."

"तेही म्हणाली."

त्याला सांगितलेली नाही अशी एक तरी आठवण बाई जिवाच्या आकांतानं शोधू लागल्या. एकही सापडेना. त्यांना रडू फुटलं.

"तिच्यासारखं रडू नका!" भाची किंचाळली. "भीती वाटते मला."

तिनं फोन आदळला, पण तो बंद झाला नाही. बाईंना दारावरची टकटक ऐकू आली. भाचीची धावती पावलं. मग कडी सरकली.

"या, या लवकर," भाची म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती. "बरं झालं बाई, मावशीनं तुम्हाला पाठवलं."