माझा आवाज, त्याचं तोंड

रेकॉर्डवर गायचो मी, पण कव्हरवर फोटो देखण्या फुल्वियोचा. स्टेजवर टेप लावून नुसते ओठ हलवायला तोच जायचा. तेव्हा रिमिनी शहरात गाण्याच्या धंद्यात असंच चालायचं.

त्या दुपारी टीव्हीच्या शूटिंगआधी मेकअपच्या खोलीत तो हसत म्हणाला, "एर्मेस, तुझं थोबाड छापलं असतं ना, तर कुत्र्यानंही रेकॉर्ड घेतली नसती!"

मी त्याचं डोकं धरून आरशावर आपटलं. मग तोंडावर ठोसे घातले. दोन दात पडले, ओठ फाटला.

"आता गा, भडव्या!" मी ओरडलो.

रक्त गिळत तो स्टेजवर गेला. टेप सुरू झाली. त्या फाटक्या तोंडातून माझा आवाज नेहमीसारखाच गोड आला. रक्ताला मेकअप समजून लोकांनी टाळ्या पिटल्या. फुल्वियोसाठीच.