राईचा कागद

"पाणी लावू नका, सुशीलाबाई! शाई सुटली तर तीन वाजता प्रांतांना काय दाखवायचं, कपाळ?" नीरजा म्हणाली.

सुशीलाबाईंनी ओला टिपकागद अंथरलाच. नारायण पेठेतल्या या खासगी दप्तरखान्यात एकतीस वर्षं त्या जुने कागद सांधत होत्या. मोडी वाचणाऱ्या कालच्या पोरीकडून शाई शिकायचं वय त्यांचं राहिलं नव्हतं.

टेबलावरचा कागद कंपनी सरकारच्या काळातला. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला गोऱ्यांना साग हवा होता. पार चीनपर्यंत जायची ती जहाजं. डोंगर बोडके झाले ते तेव्हापासून. कुठल्या गावचे किती साग तोडले, त्याची ही यादी. शेवटी सागदरी गावाचं नाव, आणि पुढे आकडा नाही. नुसतं 'पाठीवर पाहावे'.

आणि पाठीवर काय, तर सुशीलाबाईंनीच पंचवीस वर्षांपूर्वी खळीने चिकटवलेलं कागदाचं अस्तर! तेव्हा मागे शाई दिसली होती. पुढचीच फुटून आली असेल, असं वाटलं त्यांना. दिवसाला चाळीस कागद उरकायचे होते. नीट बघितलं नाही, बस्स.

खुर्चीच्या कडेवर सागदरीचे रामदास बसले होते, टोपी मांडीवर. गावची देवराई एका बिल्डरला हवी होती. त्याचं म्हणणं, राई कसली, ते रान कंपनीनेच तोडून नेलेलं, आताची झाडं अलीकडची. आज प्रांत अधिकाऱ्यांपुढे त्याचीच सुनावणी होती.

"बाई, निघंल का ओ?"

"निघेल. बोलू नका."

त्यांनी ओला टिपकागद उचलला आणि बांबूची पात सरकवली. अस्तर बोटभर सुटलं, मग वीतभर. आणि खाली पाठ जवळजवळ कोरी! काजळीची शाई खळीला धरून अस्तरावर आली होती, उलटी.

"अरे देवा! घालवलंत सगळं!"

आपल्या हातून आजवर एक अक्षर गेलं नाही, असं सुशीलाबाई चारचौघांत ठणकावून सांगत. कशीबशी त्यांनी मान वर केली.

"मोबाइलवर फोटो काढ अस्तराचा. आणि उलटा कर."

नीरजाने फोटो फिरवला आणि अडखळत वाचलं, "देवीची राई. साग तीनशे दोन. गावाने कुऱ्हाड लावू दिली नाही. सबब सोडून दिले."

रामदासांनी टोपी डोक्यावर घातली, हात जोडले आणि सरळ रडायलाच लागले.

"थांबा हो काका," नीरजा म्हणाली. "समोरचा वकील विचारणार, अस्सल कागदाची पाठ कोरी आणि मजकूर अस्तरावर कसा? तसं कुणीतरी लिहून द्यायला हवं." तिचा आवाज उतरला. "बाई, पुढच्या महिन्यात तुमचा निरोप समारंभ आहे. नाव जाईल तुमचं."

"जाऊ दे. पेन आण."

त्यांनी लिहिलं, 'पाठीवर मजकूर होता. मी न पाहता अस्तर लावले. आज ते काढताना शाई अस्तरावर आली. चूक माझी.' खाली पूर्ण नाव घालून सही केली.

नीरजा तो कबुलीचा कागद आणि अस्तर घेऊन रिक्षा थांबवायला धावली. रामदास दारापर्यंत गेले आणि परत आले.

"तुमच्यासाठनं कायतरी आणायचं हुतं. पन राईतलं पानबी भाईर आनत न्हाई आमी."

"नका आणू," सुशीलाबाई म्हणाल्या.

ते गेल्यावर त्यांनी तो कोऱ्या पाठीचा ओला कागद टिपकागदात ठेवला, वर वजन ठेवलं, आणि हाताची खळ धुवायला मोरीकडे गेल्या.